पत्र ज्याच्या पेटीत, इतिहास त्याच्या घरात

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन वर्षांमागे आमच्या आळीत एका घराची कौले उतरवली, तेव्हा माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. आत मुंबईला गोदीत कामाला असलेल्या आजोबांची पत्रे आणि मनीऑर्डरीची कुपने होती. निम्मी वाळवीने खाल्लेली. उरलेली चुलीत चालली होती. "जुने कागद, काय करायचेत त्यांचे?" घरची माणसे म्हणाली. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला हे कुणी सांगितलेच नाही.

शंकरराव खरात हे नाव तुम्हांला ठाऊक आहे. जन्म १९२१, गाव आटपाडी. 'हातभट्टी', 'गावशीव', 'झोपडपट्टी' अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'तराळ-अंतराळ'. तराळ म्हणजे कोण? गावचा सांगावा नेणारा, सरकारी टपाल पोचवणारा. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचे कागद उन्हापावसात वाहिले. त्यात काय लिहिलेय ते मात्र वाचता येत नव्हते. अशा तराळाच्या मुलाने पुढे काय केले? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला पाच वर्षे होतात न होतात तोच, १९६१ साली, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पत्रे' हा संग्रह संपादित केला. आमच्या मते ही गोष्ट त्यांच्या कादंबऱ्यांइतकीच मोठी आहे.

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी त्याचे पत्र राहत नाही. नक्कल ठेवली तर गोष्ट वेगळी. एरवी ते ज्याला आले त्याच्या घरी राहते. बाबासाहेबांनी नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पुष्कळ पत्रे आज छापील वाचायला मिळतात, ती कशामुळे? घेणाऱ्याकडे ती जपली गेली म्हणून. पुढे शासनाच्या ग्रंथमालेतही २१ व्या खंडात पत्रव्यवहार आला. भाषणात नेता हजारोंशी बोलतो. पत्रात तो एकाशीच बोलतो. पैशाची ओढाताण, तब्येतीची कुरकुर, सहकाऱ्यावरचा राग, कामाची सूचना, सगळे एकाच कागदावर असते. घरचे आणि कामाचे वेगळे करता येत नाही.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचे स्मृती संग्रहालय आहे. 'ययाति'च्या लेखकाची कागदपत्रे, वस्तू तिथे जपल्या आहेत. चांगलेच आहे. पण आपल्या लिहिणाऱ्यांचे काय? त्यांना कुणी वाचकाने काय कळवले, प्रकाशकाने काय उत्तर दिले, भावाने गावाहून काय लिहिले, हे उद्या कुठे शोधायचे? विद्यापीठ येईल तेव्हा येईल. आलेच तर त्याला द्यायला कागद उरला पाहिजे ना!

आपला रायगड जिल्हा तर महाडचा. १९२७ सालच्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसे जमली, ती आपोआप जमली नाहीत. दासगावचे रा. बा. मोरे आणि त्यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव राबले, निरोप गेले. त्या वेळची एखादी चिठ्ठी, एखादे निमंत्रण कुणाच्या आजीच्या पेटीत असेलही. कोण जाणे!

म्हणून विनंती. आपल्या किनाऱ्याची हवा ओली, कागदाला कसर आणि बुरशी लवकर लागते. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळा सरला की कागद सावलीत वाऱ्यावर पसरा, कडक उन्हात नको. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. पाकीट फेकू नका, कारण तारीख पुष्कळदा टपालाच्या शिक्क्यावरच असते. कुणी कुणाला लिहिले ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नोंदवा. घरातल्या पोरांकडे मोबाईल आहेत, त्यांच्याकडून फोटो काढून घ्या. पण फोटो झाला म्हणून मूळ कागद टाकू नका. आणि घरातले खासगी दुःख असेल ते घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर दाखवू नका. जपणे वेगळे आणि चव्हाट्यावर मांडणे वेगळे.

त्या पेटीतले एक कुपन आम्ही वाचले. शाईने दोनच ओळी होत्या. पैसे पाठवले आहेत, आणि पोरीची शाळा बंद करू नका. ती पोर आज आजी आहे, इथे पुढच्या रांगेत बसली आहे. तिच्या वडिलांचे अक्षर तिने सत्तरीत पहिल्यांदा पाहिले.

आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांचे टपाल चोख पोचवले. आता आपले स्वतःचे टपाल पुढच्या पिढीला पोचवायचे आहे. तेवढे करू या.

जयभीम!