ओठ दिसू द्या, आवाज येऊ द्या

मी वसईहून बोलतेय, बचत गटांचं काम बघते.

आमच्या गटातली एक ताई मागे बैठकीतच रडायला लागली. तिची लेक जन्मापासून बहिरी. तीन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. सहा महिने उलटले, तरी मागून हाक मारली की पोर वळायची नाही. सासूबाई म्हणाल्या, "एवढं करून उपयोग काय झाला?" ताईने यंत्र काढून डब्यात ठेवून दिलं. मग मी तिला घेऊन वाचातज्ज्ञांकडे गेले. तिथे समजलं ते आज सांगते.

चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं हे यंत्र नाही. आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी असतात. इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड असतात जेमतेम 12 ते 22. म्हणून आवाज पोचतो, पण ढोबळ. "पान, तान, कान" यांतला फरक त्यात निसटू शकतो. पण ओठ बघा! "पान" म्हणताना ओठ मिटतात, "कान" म्हणताना नाही. उलट "पान" आणि "मान" ओठांवर सारखेच दिसतात, तिथे आवाज मदत करतो. एकाचं उणं दुसरा भरून काढतो, आणि दोन्हींची जुळणी मेंदू करतो.

आपणही हेच करतो. विरार स्टेशनच्या गर्दीत "ही फास्ट आहे का?" विचारलं की आपण उत्तर देणारीच्या तोंडाकडेच बघतो ना?

पण जुळणी शिकावी लागते. जन्मापासून आवाज आला नाही, तर मेंदूतली ऐकण्याची जागा रिकामी पडून राहत नाही. वाडीतल्या मोकळ्या वाफ्यात शेजारचा वेल शिरावा, तशी नजर तिथला काही भाग वापरू लागते.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आवाज ऐकवला "प"चा आणि चेहरा दाखवला "क" म्हणणारा. ऐकू येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या मेंदूने दोन्ही मिसळून "त" ऐकलं. इम्प्लांटवाल्या बऱ्याच मुलांनी मात्र ओठांवर दिसलं तेच सांगितलं. ज्यांची नीट जुळणी झाली, त्यांना इम्प्लांट बहुतेक अडीच वर्षांच्या आत मिळालं होतं. म्हणजे नंतर काही होतच नाही असं नाही, पण लवकर झालेलं बरं.

मग घरी काय करायचं? झोप आणि अंघोळ सोडली तर यंत्र दिवसभर कानावर हवं. मुलासमोर, त्याच्या उंचीला बसून, उजेडात बोला. टीव्ही बंद ठेवा. कुकरची शिट्टी झाली की कुकर दाखवा, "शिट्टी झाली" म्हणा. वाचातज्ज्ञ सरावात कधी तोंडावर हात धरतात. तो नुसत्या कानाचा व्यायाम असतो, तोही त्या सांगतील तसा करा. मात्र मागून हाका मारून पोराची रोज परीक्षा घेऊ नका.

बाळ आवाजाने दचकत नसेल, वर्षाचं होऊनही हाकेला वळत नसेल, तर "बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला सांगा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरातल्या लहान मुलांना केंद्राच्या एडीप योजनेतून इम्प्लांट मिळू शकतं. त्याची चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत करा.

आमच्या ताईने यंत्र डब्यातून काढलं. आता सासूबाईच नातीला समोर बसवून भाजी निवडतात. "मेथी" म्हणतात, पोर आधी ओठांकडे बघते, मग जुडी उचलते. परवा सासूबाईंची मान खाली होती, ओठ दिसत नव्हते. तरी पोरीने मेथीच उचलली.