आजारपणाची रोजकीर्द

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे आकडे याच अहवालात अन्यत्र छापलेले आहेत. त्यांची उजळणी आम्ही येथे करीत नाही. आज अशा एका श्रमाविषयी बोलावयाचे आहे, ज्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीस शुश्रूषेबरोबरच आणखी एक काम करावे लागते. ते म्हणजे आप्तांना खबर देणे.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात हे दृश्य आम्ही नित्य पाहतो. भेटीची वेळ संपते आणि दिवसभर राबलेली सून अथवा मुलगी भ्रमणध्वनी कानाशी धरून तीच हकीकत पुनःपुन्हा सांगू लागते. साताऱ्याचे काका, ठाण्याची आत्या, मग न्यू जर्सीचा भाऊ. त्याच्याकडे संध्याकाळ होते तेव्हा आपल्याकडे पहाट असते. सांगताना हकीकत थोडी बदलते, ऐकणाऱ्याने पुढे सांगितली की आणखी बदलते.

याचे मोल आमच्या घराने मोजलेले आहे. २०१२ साली आमच्या मातोश्रींना पक्षाघाताचा झटका आला. त्या अतिदक्षता विभागात होत्या. इंदूरला असलेल्या आमच्या थोरल्या भगिनी रोज रात्री विचारीत, "मी निघू का?" आम्ही सांगत असू, "प्रकृती स्थिर आहे." रुग्णालयाच्या भाषेत स्थिर म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वास यांत गेल्या काही तासांत मोठा चढउतार नाही, एवढेच. धोका टळला, असा त्याचा अर्थ होत नाही. हे आम्हांस ठाऊक होते, ताईंना नव्हते. त्यांनी काढलेले तिकीट रद्द केले. चौथ्या दिवशी पहाटे मातोश्री गेल्या. ताई पोहोचल्या त्या अंत्यदर्शनापुरत्या. पुढे त्या एवढेच म्हणाल्या, "तू खोटे बोलला नाहीस रे, पण मला कळेल असेही बोलला नाहीस."

पूर्वी तार येत असे. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर तोकडा. परंतु 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' एवढ्यात काय झाले आणि काय करावयाचे, हे दोन्ही कळत असे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज शब्दांना तोटा नाही, पण 'निघा' हा एक शब्द सांगावयाचा राहून जातो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. व्यापारी जसा दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी रोजकीर्दीत मांडतो, तशी एक वही प्रत्येक रुग्णाच्या आप्तांनी ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. लिहिणारी व्यक्ती एकच असावी व वेळ ठरलेली, शक्यतो डॉक्टरांची फेरी आटोपल्यावरची. वर तारीख आणि वेळ घालावी. खाली डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. न कळलेला शब्द त्यांनाच विचारून घ्यावा. मग रुग्णाने काय खाल्ले, झोप लागली का, कोणती तपासणी व्हावयाची आहे. त्यानंतर गरज लिहावी: रक्तदाता, डबा, रात्रीची सोबत. शेवटची ओळ मात्र कधीही चुकवू नये: यावे, की थांबावे. उत्तर ठाऊक नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारावे, "आपली बहीण परगावी असती, तर आज तिला बोलावले असते का?"

हाच मजकूर व्हॉट्सॲपवरून सर्वांना एकाच वेळी धाडावा. वयोवृद्धांना तो घरातील कोणी वाचून दाखवावा. येणारे दूरध्वनी घेण्याचे काम उशाशी न बसणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने पत्करावे. परगावी राहूनही करता येईल अशी ही मोठीच सेवा आहे.

एक पथ्य पाळावे. रुग्ण शुद्धीवर असेल तर काय कळवावे आणि कोणास, हे आधी त्यासच विचारावे. आजार त्याचा आहे. अंथरुणावरील छायाचित्रे धाडू नयेत. डॉक्टरांवरही गोपनीयतेचे बंधन असते, म्हणून ते प्रत्येक नातेवाइकास स्वतंत्र माहिती देत नाहीत. कृपया राग मानू नये.

ही वही रात्री सोबतीस येणाऱ्यास उपयोगी पडते आणि पुढे फेरतपासणीच्या वेळीही. रुग्णालयाच्या नोंदींची जागा मात्र ती घेत नाही. त्या नोंदी मागण्याचा हक्क रुग्णास आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यावयाच्या असतात.

दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या आप्तांस एक कोरी वही व पेन द्यावे, असा आमचा मानस आहे. यंत्रसामग्रीच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ आहे. देणगीदारांनी तो आनंदाने उचलावा, अशी नम्र विनंती आहे.