गर्भाचें रक्षण आणि आईचा आसरा

इंग्रजी अमलांतील दंडविधानाचा कायदा इ. स. १८६२ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. आईचा प्राण वांचविण्यासाठीं केलेला गर्भपात तेवढा त्यानें क्षम्य मानला. एरव्हीं ३१२ व्या कलमानें तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भ हालूं लागल्यावर सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. खुद्द गर्भवतीहि ह्या शिक्षेंतून सुटत नसे.

त्याच सुमारास पुण्यांत घडलेली एक हकीकत जोतीराव फुले ह्यांनीं इ. स. १८८४ मध्यें लिहून ठेवली आहे. काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाक करून पोट भरीत होती. एका शास्त्र्याच्या जाळ्यांत ती सांपडली व तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचीं औषधें लागू पडलीं नाहींत. मूल जन्मतांच लोकलज्जेनें तिनें त्याचा जीव घेतला, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायदा होता; परंतु त्यानें मूलहि वांचलें नाहीं आणि आईहि वांचली नाहीं.

ह्या खटल्यानंतर लागलीच जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनीं आपल्याच आवारांत बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें. तें साल १८६३ होय. विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें; मूल न्यावें कीं ठेवावें, हें आईच्या खुषीवर असे. इ. स. १८८४ पर्यंत ३५ गर्भवती विधवा तेथें आल्या. त्यांच्या मुलांपैकीं अवघीं ५ जगलीं, ३० दगावलीं. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं आधींच घेतलेलीं विषारी औषधें त्यांना पोटांतच बाधलीं होतीं, असें जोतीराव सांगतात. त्या बायांना कायद्याचा धाक नव्हता असें नाहीं. पण लोकांचा धाक त्याहून मोठा होता, आणि आसऱ्याचें दार त्यांना फार उशिरां सांपडलें.

सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरास, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार ह्या बाईंजवळ. ह्या बाई इ. स. १८३९ पासून मृत्यूपर्यंत नगरांत मुलींना शिकवीत होत्या. गर्भांतील जीव ही ईश्वराची ठेव, ही ख्रिस्ती शिकवण प्रसिद्ध आहे. रोमन कॅथलिक पंथ गर्भपात सर्वथा निषिद्ध मानतो. कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्या कांहीं अपवाद मान्य करतात. प्रश्न असा कीं, अशी श्रद्धा बाळगणारा मनुष्य राजकारणांत उतरतो, तेव्हां त्यानें सरकाराजवळ व समाजाजवळ आधीं काय मागावें? शिक्षा कीं आसरा?

पंडिता रमाबाईंनीं ह्याचें उत्तर कृतीनें दिलें. इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें त्यांनीं स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर मागितल्या. इ. स. १८८३ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. इ. स. १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें आणि त्याच वर्षीं तेथील काँग्रेसच्या अधिवेशनास त्या प्रतिनिधि म्हणून बसल्या. धर्मांतराच्या शंकेनें इ. स. १८९३ मध्यें अनेकांनीं आपल्या मुली सदनांतून काढून नेल्या. तरी त्या डगमगल्या नाहींत. समाज ज्यांना पतित म्हणून हांकलून देई, त्यांच्यासाठीं इ. स. १८९९ मध्यें केडगांवीं त्यांनीं कृपासदन काढलें. ज्या बाईचें नांव घेण्याची लोकांना लाज वाटे, तिच्यासाठीं घर बांधणें हाच त्यांच्या श्रद्धेचा पुरावा होता.

पुढें देशाचा कायदा बदलला. अडाणी हातांनीं होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, हें ध्यानांत घेऊन इ. स. १९६४ मध्यें महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. इ. स. १९७१ मध्यें कायदा झाला; तो १ एप्रिल १९७२ पासून अमलांत आला. इ. स. २०२१ च्या दुरुस्तीनें कांहीं प्रकारच्या स्त्रियांसाठीं मुदत २० आठवड्यांवरून २४ पर्यंत वाढली. कॅथलिक धर्मगुरूंनीं ह्या कायद्याला विरोध केला. तो विरोध प्रामाणिक आहे, आणि लोकशाहींत तो मांडण्याचा हक्क निर्विवाद आहे.

परंतु नगर जिल्ह्याच्याच एका टोकाकडे पाहावें. अकोले तालुक्यांतील राजूर हें डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठीं नांवाजलेलें गांव. भोंवतालच्या डोंगरांतील वाड्यांवरून महादेव कोळी व ठाकर बाया तेथील बाजारास उतरतात. भर पावसांत अशा वाडीवरची एखादी बाई अडचणींत सांपडली, तर मुंबईच्या व्यासपीठावरचा निषेध तिच्या कानीं पडत नाहीं, आणि दिल्लीच्या कायद्यानें दिलेली मुभाहि तिच्या पायवाटेवर येऊन उभी राहत नाहीं. तिला कळतें एवढेंच, कीं दवाखान्यांत डॉक्टर आहे कीं नाहीं, आणि घरीं गेल्यावर तिला कोणी घरांत घेईल कीं नाहीं.

म्हणून गर्भाच्या नांवानें मत मागणाऱ्यानें आईच्या डॉक्टरसाठीं, तिच्या अन्नासाठीं व तिच्या अब्रूसाठीं काय केलें, हें विचारलें पाहिजे. आणि स्त्रीच्या हक्काच्या नांवानें बोलणाऱ्यालाहि हाच प्रश्न टाळतां येणार नाहीं. पुण्याच्या त्या घरांत ५ मुलें जगलीं, तीं कोणत्याहि कलमाच्या बळावर नव्हेत. दोन माणसांनीं आपलें दार उघडें ठेविलें, म्हणून.