रिकाम्या तराजूची साक्ष



आजची माझी उपकरणे एवढीच : शाळकरी मुलाची ३० सेंटिमीटरची पट्टी, एक षटकोनी पेन्सिल, रुपयाची तीन सारखी नाणी आणि थोडी चिकणमाती. मागच्या रांगांतून पट्टी नीट दिसणार नाही. त्या मंडळींनी घरी जाऊन माझा खरेखोटेपणा पडताळावा.

पेन्सिल आडवी ठेवून पट्टी १५च्या खुणेवर टेकवली, की ती तोल सावरून राहते. आता टेकूच्या डावीकडे ५ सेंटिमीटरवर दोन नाणी ठेवतो. उजवीकडचे एकटे नाणे कोठे ठेवावे? १० सेंटिमीटरवर. दोन पंचे दहा आणि एक दाहे दहा! वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला शास्त्रात आघूर्ण म्हणतात. दोन्ही बाजूंची आघूर्णे सारखी झाली, की दांडी स्थिर. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हा नियम सिद्ध करून ठेवला आहे.

यात व्याख्यान देण्यासारखे काय, असे आपण म्हणाल. म्हणून टेकू जरा सरकवून १४च्या खुणेखाली आणतो. एक बाजू १४, दुसरी १६. लांब बाजू अर्थातच खाली गेली. आखूड टोकाला मातीची गोळी चिकटवतो, थोडी काढतो, थोडी लावतो... झाली सरळ! हाच बाजारातला पासंग. अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही, असे आपण म्हणतो, तो हाच. पासंग स्वतः काही गुन्हेगार नव्हे. एक पारडे जड असेल तर सचोटीचा दुकानदारही तो लावतो.

पण रिकामा तराजू सरळ दिसला, की आपले समाधान होते. तेथेच आपण फसतो. आखूड बाजूला एक किलोचे वजन ठेवा, लांब बाजूला तूरडाळ घाला. १००० गुणिले १४, भागिले १६. ८७५ ग्रॅम डाळ पडताच दांडी सरळ! वजन खरे, त्यावरचा शिक्का खरा, कोणी बोटही लावलेले नाही. आणि गिऱ्हाइकाची सव्वाशे ग्रॅम डाळ गेली. एवढा फरक डोळ्यांना दिसेल, हे खरे. पण भुजा २९ आणि ३० असल्या तर किती जणांना दिसेल? तरीही किलोमागे ३३ ग्रॅम जातातच. विजेचे काटे आले, तरी हातगाडीवर दांडीचा तराजू अजून दिसतो, आणि तेथे चार रुपयांची भाजी घेणाऱ्यालाच हा भुर्दंड पडतो.

उपाय फुकटचा आहे. वजन मालाच्या पारड्यात आणि माल वजनाच्या पारड्यात घालायला सांगा. तीच ८७५ ग्रॅम डाळ आता आखूड बाजूला आली, की वजनाचे पारडे धाडकन खाली जाते. भांडण नको असेल, तर अर्धा किलो एका पारड्यात आणि अर्धा किलो दुसऱ्या पारड्यात तोलून मागा. एकदा ४३७ ग्रॅमच्या वर थोडे मिळेल, दुसऱ्यांदा सुमारे ५७१. मिळून जवळजवळ १००९. नऊ ग्रॅमचा तोटा तराजूवाल्याला!

आता कोणी दोघे-तिघे पुढे येऊन करून पाहता का? गोळी मात्र हलक्या हाताने लावा. पट्टी मोठी हट्टी आहे.