सातबाऱ्याच्या नकला दोन, शेत एकच

तलाठ्याकडून सातबाऱ्याच्या दोन नकला आणल्या म्हणून कुणाची शेतं दोन होत नाहीत. एक नक्कल घेऊन थोरल्यानं शेतात ज्वारी पेरली, तर दुसरी नक्कल घेऊन आलेल्या धाकट्यालाही तिथं ज्वारीच दिसणार. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. संगणकाच्या भाषेत मात्र हीच गोष्ट भल्याभल्यांना चकवते.

जावा भाषेत 'इंट' म्हणून घेतलेला आकडा डबीत ठेवल्यासारखा असतो. 'अ' डबीतले ५ मी 'ब' डबीत उतरवले आणि मग 'ब'मध्ये ९ केले, तरी 'अ'मध्ये ५च राहतात. असा प्रकार म्हणजे प्रिमिटिव्ह. पण डबीत एखादी यादी किंवा खातं ठेवलं, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवलं, तर डबीत येतो तो फक्त त्याचा पत्ता. त्यालाच रेफरन्स म्हणतात. डबी दुसरीत उतरवली की पत्त्याची नक्कल होते, यादी एकच राहते.

खरी मेख आहे ती तुलनेत. बरोबरची दोन चिन्हं जोडून लिहिली, की जावा ऑब्जेक्टच्या बाबतीत फक्त पत्ते जुळतात का ते पाहते. आतला मजकूर जुळतो का, हे विचारायला 'इक्वल्स' लागतं.

२००४ साली आलेल्या जावा ५ पासून साधा आकडा आपोआप 'इंटिजर' नावाच्या ऑब्जेक्टमध्ये बसवता येऊ लागला. सोय मोठी झाली, पण तिच्यात एक खोच आहे. उणे १२८ ते १२७ हे आकडे जावा तयार ठेवते आणि दर वेळी तेच हाती देते. त्यापलीकडे सहसा दर वेळी नवं ऑब्जेक्ट, म्हणजे नवा पत्ता.

आता एखाद्या पतसंस्थेचा प्रोग्राम डोळ्यांपुढे आणा. सभासद क्रमांक 'इंटिजर' म्हणून ठेवलेले, तुलना दोन चिन्हांची. चाचणीला पाचपंचवीस सभासद, सगळं सुरळीत. मग खऱ्या कामात १२८ क्रमांकाच्या बाई हप्ता भरायला खिडकीशी येतात आणि यंत्र सांगतं, असा सभासदच नाही. कुठं तांबडी ओळ उमटत नाही, प्रोग्राम बंदही पडत नाही. कारकून बाईंकडे संशयानं पाहतो, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी चाचणीचा पहिला सभासद क्रमांक १ देऊ देत नाही. ५००१ पासून सुरू करायला लावतो.