राहावेसे वाटणारे गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी महिन्यापूर्वी मला विचारले, "यंदा तुम्ही कशावर बोलणार?" तेव्हा गाव राहण्याजोगे कशाने होते यावर बोलेन, असे मी सहज म्हणून गेले. मागाहून ध्यानात आले की विषय काही सहज सुचलेला नव्हता. तो गेले वर्षभर माझ्या घरात मुक्कामालाच आहे. माझा मुलगा पुण्यास असतो. वर्ध्याचे घर विकून मी कायमचे त्याच्याकडे यावे, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणणे मायेचे आहे, त्यात खोट नाही. गुडघे कुरकुरतात, एकटीने राहू नये, हे मलाही कळते. तेव्हा आजचे हे व्याख्यान कमी आणि माझा घरचा जमाखर्च जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मुलाने आपल्या बाजूने सरकारची साक्ष काढली. २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या १११ शहरांची, कोठे राहणे किती सुखाचे आहे याची, यादी प्रसिद्ध केली होती. तीत पुणे पहिले आले होते. आपल्या वर्ध्याचे नाव त्या १११ मध्ये नव्हते. आपण नापास झालो असे नव्हे. आपल्याला परीक्षेलाच बसवले नव्हते. २०२१ मध्ये पुढची यादी आली, तेव्हा मोठ्या शहरांत बंगळूर पहिले ठरले आणि पुणे दुसरे. माझा एक भाचा बंगळूरला असतो व कचेरीत जाता-येता रोज तासन् तास मोटारीत अडकून पडतो. ती बातमी वाचून तो काय म्हणाला, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही.

मी पुण्यास चार महिने राहून आले. निंदा करायला म्हणून गेले नव्हते. नाटके पाहिली, व्याख्याने ऐकली, पुस्तकांच्या दुकानांतून मनसोक्त फिरले. एक गोष्ट तर मनापासून आवडली. रात्री दहा वाजता मुली एकट्या स्कूटरवरून घरी येत होत्या आणि कोणी मान वळवून पाहत नव्हते. नोकरीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला "तुझे लग्न कधी?" असे विचारायला तिथे कोणाला सवड नाही. आपल्याकडे ती सवड फार.

परंतु मुलाच्या घराखाली रस्ता होता, आणि रस्त्यापलीकडे भाजीवाली. तिची मेथीची जुडी मला गॅलरीतून दिसे. चार महिन्यांत मी त्या भाजीवालीपर्यंत एकदाही पायी पोचले नाही. वाहनांचा ओघ थांबेचना. एकदा पाऊण तास कडेला उभी राहिले आणि शेवटी ऑटो करून, पुढच्या चौकातून वळसा घालून पलीकडे गेले. मेथी वीस रुपयांची, ऑटो चाळीसचा. सुनेला हे सांगितले तेव्हा ती हसली, पण तिच्या डोळ्यांत मला थोडे पाणी दिसले. तिलाही ठाऊक होते की आता सासूबाईंना फ्लॅटमधून खाली उतरायचे तर कोणीतरी बरोबर लागणार. मी वर्ध्यास आठ जणींच्या घरी पायी जाते. बँक, दवाखाना, किराणा, देऊळ हे सारे माझ्या गुडघ्यांना झेपेल इतक्या अंतरात आहे. म्हातारपणी स्वातंत्र्य म्हणजे एवढेच असते, बायांनो. आपल्या पायांनी मेथी आणता येणे.

आता वर्ध्याची बाजू मांडते, तर तीही सगळी गोड नाही. आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि अंगणातला गुंड सकाळी भरून ठेवला तर बाराला त्यातल्या पाण्यात हात घालवत नाही. अशा मुलखात झाड ही शोभेची वस्तू नव्हे. बसथांब्यावर तान्हे मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला कडुनिंबाची सावली म्हणजे औषध. म्हणूनच २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी मोठी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा इथले नागरिक त्या झाडांखाली जाऊन उभे राहिले. रस्ता रुंद नको असे कोणाचे म्हणणे नव्हते. पण ज्याच्या डोक्यावर मोटारीचे छप्पर आहे त्याला सावलीची किंमत कळत नाही, आणि रस्ते बहुधा तोच आखतो. महादेवभाई देसाई मगनवाडीतून सेवाग्रामला रोज पायी जात आणि पायी परत येत. जाऊन येऊन अकरा मैल, तेही असल्या उन्हात.

आपले शहर हे आपोआप वाढलेले गाव नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८६२ साली नागपूरपासून हा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा मुख्य ठाणे पुलगावजवळ कवठ्यास होते. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखणी करून वर्धा वसवले. तेव्हा सरळ रस्ते आपल्याला जन्मतःच मिळाले. सरळ मने मात्र आखून मिळत नाहीत. जुलै १९२८ मध्ये जमनालालजी बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. याचा आपण अभिमान सांगतो, तो योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही मनात आणून पाहा. त्या दिवसापर्यंत याच सरळ रस्त्यांवरून जाणाऱ्या कितीतरी बायांना त्या देवळाची पायरी बंद होती. त्यांच्या लेखी हे गाव राहण्याजोगे होते काय? १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. काढावा लागला, कारण त्या माणसांना कोणी दारातही उभे करीत नव्हते. "आमच्या लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात," असे आपण कौतुकाने म्हणतो. ओळख ही पांघरूणही असते आणि पहाराही असते. कोणाला पांघरूण व कोणाला पहारा, ते जन्माने ठरते, नाहीतर बाई की पुरुष यावरून ठरते.

एक लाजेची गोष्ट सांगते. पण इथे सगळ्या बायाच आहेत, आणि मागच्या पुरुषमंडळींनीही ऐकावी. जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी, नाव सांगत नाही, मी पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला गेले होते. सकाळी आठला निघालेली, दुपारचे दोन वाजले. बायकांसाठी जागा कुठेच नव्हती. एक होती, तिला कुलूप. शेवटी ज्या दुकानात लुगडी पाहत होतो तिथल्या म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता "ये माय, आत ये," म्हणून घरामागच्या न्हाणीकडे नेले. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण हजारो बायका बाजारासाठी, कचेरीतल्या कागदासाठी, दवाखान्यासाठी खेड्यांतून येतात. त्या प्रत्येकीला अशी म्हातारी भेटत नाही. त्या काय करतात? सकाळपासून पाणी पीत नाहीत. ४६ अंशांच्या उन्हात पाणी पीत नाहीत! पुढे मूत्रमार्गाचे दुखणे घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जातात. गावाची किंमत करायची असेल तर मी पुतळे आणि कारंजी पाहणार नाही. बाजारात त्या एका खोलीचे कुलूप उघडे आहे का, आत पाणी आहे का, आतून कडी लागते का, एवढे पाहीन.

आणि या कामाला कमीपणा मानण्याचे आपल्याला तरी कारण नाही. १९४६ पासून विनोबाजी कितीतरी महिने रोज सकाळी पवनारहून सुरगावला खांद्यावर फावडे टाकून मैला साफ करायला जात होते. ऊन-पाऊस पाहिला नाही. ते आपल्या जिल्ह्यात झाले, पुस्तकात नव्हे.

आता जे बोलायचे आहे ते मला जड जाते. ३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ. हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवले. १० फेब्रुवारीला ती नागपूरच्या रुग्णालयात गेली. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, न्यायालयाने गुन्हेगारास जन्मठेप दिली. न्याय झाला. पण त्या आठवड्यात आपल्या गल्ल्यांतून काय झाले, ते मी माझ्या ओट्यावरून पाहिले आहे. शेजारच्या एका घरी मुलीचे कॉलेज आठ दिवस बंद ठेवले, मुलाचे नाही. दुसऱ्या घरी तिची शिकवणी सुटली, कारण परतताना अंधार होतो. आईबापांना मी दोष देत नाही. माझी मुलगी त्या वयाची असती तर मीही कदाचित तेच केले असते. पण हिशेब मांडून पाहा. गुन्हा एका पुरुषाने केला आणि गाव लहान झाले ते सगळ्या मुलींचे. घर, कॉलेज, घर. मधले सारे गाव त्यांच्या नकाशावरून पुसले गेले. त्यांतल्या पुष्कळ मुली पुढे पुण्या-मुंबईस गेल्या व परत येणार नाहीत. नोकऱ्या तिकडे आहेत हे खरेच. पण रात्री दहाला स्कूटरवरून एकटीने घरी येता येते, हेही कारण आहे, आणि ते त्या आपल्याला सांगत नाहीत.

पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटलंडचे एक विद्वान नगररचनाकार १९१७ च्या सुमारास इंदूरला होते. तेव्हा तिथे प्लेगचा जोर होता. लोक त्यांना पाहून दारे लावून घेत, कारण नकाशा घेऊन फिरणारा साहेब म्हणजे घरे पाडणारा, असा समज. गेडिससाहेबांनी महाराजांकडून एका दिवसाची मुखत्यारी मागून घेतली आणि जाहीर केले की, यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या आळीत घरे सर्वांत अधिक झाडलेली, डागडुजी केलेली असतील, त्या आळीतून जाईल. मग काय विचारता! कचऱ्याचे गाडेच्या गाडे बाहेर निघाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे सोंग होते, आणि झाडूवाले स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, झेंडूच्या फुलांनी मढून, मानाने चालत होते. मला या गोष्टीत फार आवडते ते हे की, साहेबांनी कोणाला दंड केला नाही. मिरवणूक कोठून जायची, एवढेच बदलले.

आपल्या मंडळाला महाराजांची मुखत्यारी मिळणार नाही. पण आपण कोठून चालायचे, हे तर आपल्या हाती आहे. मी अध्यक्षबाईंना विचारले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. दर शनिवारी रात्री साडेआठला आपण दहा-बारा जणींनी निघायचे. ज्या रस्त्याने मुली शिकवणीहून परततात, ज्या रस्त्याने त्या अंधार पडल्यावर जात नाहीत, नेमके तेच रस्ते घ्यायचे. घोषणा नाहीत, फलक नाहीत. चालायचे, आणि पाहिलेले लिहून ठेवायचे: कोणत्या खांबावर दिवा नाही, कोठे बसायला ओटा नाही, बायकांच्या कोणत्या जागेला कुलूप आहे, कोणत्या वळणावर रिकामी पोरे उभी असतात आणि आपल्याला पाहून पांगतात. दारूबंदीच्या आपल्या या जिल्ह्यात बाटल्या कोठे विकल्या जातात, तेही लिहावे लागेलसे दिसते. महिना झाला की कागद संबंधितांच्या टेबलावर, आणि प्रत आपल्याजवळ. ज्यांना वाटते की म्हाताऱ्या बायका रस्त्यावर हिंडून काय होणार, त्यांना मी एवढेच विचारते की रस्त्यावर बारा आज्या बसलेल्या असताना कोणाच्या हातून काय होईल?

मुलाला मी कळवले आहे की घर यंदा विकायचे नाही. तो रागावला, मग म्हणाला, "निदान संध्याकाळी घराबाहेर पडू नकोस." त्याला शनिवारचे अजून सांगितलेले नाही.

नावे लिहायची वही चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. चहा घेऊन झाला की तिथे या. टाचेच्या चपला घालून कोणी येऊ नये, आणि ज्यांच्याकडे चांगली बॅटरी असेल त्यांनी ती बरोबर आणावी.