पुडी लपवू नका



आज मी कर्करोगाविषयी चार शब्द सांगणार आहे. लोक त्याला कॅन्सर म्हणतात. तो कोणत्याही वयात होतो. पण उतारवयात जास्त.

समजा, एक आजी आहेत. वय सत्तर. इस्पितळात त्यांचे उपचार चालू आहेत. तोंडाची चव गेली. केस गळाले. अशात शेजारीण येते. म्हणते, "आजी, अमक्या गावी झाडपाल्याची पुडी मिळते. घेऊन तर बघा! झाडपाल्याने काय अपाय व्हायचा?" आजी पुडी मागवतात. पण डॉक्टरांना सांगत नाहीत. का? तर ते रागावतील म्हणून.

मंडळी, घात होतो तो इथे.

झाडपाला म्हणजे निर्धोक, असे नाही. २०२० साली करोनाच्या साथीत पुष्कळ लोक गुळवेल घेत होते. त्यातल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल निघाला.

औषधाचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडे करतात. म्हातारपणी ती थकलेली असतात. त्यात रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, कर्करोगाचे औषध. वर ही पुडी! एक औषध दुसऱ्याचा जोर वाढवते, नाहीतर घटवते. डॉक्टरांना पुडी ठाऊकच नसेल, तर त्यांनी ओळखायचे कसे?

मग दुसरे काही करूच नये काय? तसे नाही. परळच्या टाटा रुग्णालयाने स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना योग शिकवून पाहिला. पण उपचार सोडून नव्हे बरं का, उपचारांच्या जोडीने!

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : चालू उपचार सोडू नका. आपण थांबलो तरी रोग थांबत नाही.

दुसरी : घरातली प्रत्येक गोळी, पुडी, काढा, भस्म एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते. काय घेता, किती घेता, केव्हापासून घेता, ते कागदावर लिहून न्या.

तिसरी : वैद्यांकडे जाल, तर त्यांनाही इस्पितळाचे कागद दाखवा. चांगला वैद्य ते पाहील. "ते सगळं सोडा, माझंच घ्या," असे जो म्हणेल, त्याला लांबूनच नमस्कार करा.

डॉक्टर रागावले तर रागावू देत. राग घटकाभराचा असतो. गेलेली वेळ मात्र परत येत नाही.